सात कवेलू

नागपंचमीच्या आधी आठ-दहा दिवस आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून एक वास घरात शिरायचा आणि सण होऊन गेला तरी कितीतरी दिवस हटायचा नाही. हळद, तिळाचं तेल, आंबट ताक, वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि या सगळ्यांना पोटात घेणारी ती ओलसर तांबडी माती… खिडकीला पाच गज होते. तिसऱ्या आणि चौथ्या गजाच्या मधे हनुवटी टेकवून मी पाहत बसायचे – बाबा घोट्यापर्यंत मातीत उभे, अंगावर फक्त लंगोट, हातात फावडं. आणि गुलाबभाऊ, त्यांचा सगळ्यांत जुना पठ्ठ्या, गडव्याने तेल ओतत त्यांच्या मागे मागे चालतोय. नवी माती रामटेकच्या बाजूने यायची, पण तिच्यात गेल्या सालची, घरात जपून ठेवलेली पाच ओंजळी माती मिसळल्याशिवाय आखाड्यात कोणी उतरायचं नाही. बाबांच्या वस्तादांनी अशीच माती मिसळली होती, त्यांच्याही वस्तादांनी. त्या पाच ओंजळी पितळेच्या परातीत काढून ठेवायचं काम माझ्या आईचं, परात आखाड्याच्या दारापर्यंत नेऊन द्यायचं काम माझं, आणि दारातून पुढे ती बाबा नेत.

कारण दाराच्या पुढे मला जायची मुभा नव्हती. महाल भागातल्या आमच्या गल्लीत तो आखाडा सगळ्यांचा होता, पण बायका-पोरींचा नव्हता. एकदा, चार-पाच वर्षांची असताना, मी त्या मातीत पाय टाकला होता म्हणे. बाबांनी मला उचलून बाहेर ठेवलं आणि मग पुन्हा सगळी माती वर-खाली केली. "मातीले पोरीचा पाय लागत नाही, मंगल," एवढंच म्हणाले. मला आठवतं ते इतकंच की माती गार होती आणि बोटांच्या मधून वर आली होती.

बाबा मारत नसत. घरात आवाजही चढवत नसत. त्यांचा राग ओळखायची खूण वेगळीच होती – ज्याच्यावर रागावले त्याने त्यांच्यासाठी करायचं काम ते मुकाट्याने स्वतः करू लागत. आईवर रागावले की आपलं ताट आपण घासून पालथं घालत. गुलाबभाऊवर रागावले की पाठीला तेल लावून घ्यायचं बंद. वाकडेतिकडे हात करून स्वतःच पाठ चोळत बसत, आणि तो गडी दारात उभा राहून रडकुंडीला येई. मार परवडला, असं आई म्हणायची. खरंच परवडला असता.

दिवसा ते मिलमध्ये असत. पण गल्लीत त्यांना मिलवाले म्हणून कोणी ओळखत नव्हतं, ते वस्ताद होते. थंडीच्या दिवसांत, अंधार अजून पुरता निवळला नसताना, दंडबैठकांचे हुंकार भिंतीपलीकडून ऐकू यायचे आणि त्या आवाजात मला दुसरी झोप लागायची. कुहीला कुस्त्यांच्या दंगलीत बाबांनी जिंकलेला फेटा आमच्या लाकडी पेटीत होता. पेटी उघडली की डांबराच्या गोळ्यांचा वास येई आणि आई त्या फेट्यावरून उगाच हात फिरवी. खापरखेड्याच्या वीजघरातले दोन फिटर दर रविवारी सायकली हाणत एवढ्या लांबून यायचे, फक्त बाबांचा दांडपट्टा पाहायला. तो पट्टा म्हणजे हातभराहून लांब, लवलवतं पातं, आणि कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. खोबळ्याच्या आतली आडवी मूठ घट्ट आवळली की तो हात आणि पातं एकच होऊन जाई. बाबा जमिनीवर लिंबू ठेवायचे, भोवती तीन गिरक्या घ्यायचे, आणि चौथ्या गिरकीला लिंबू दोन फाकांत पडलेलं असायचं – मातीला ओरखडाही नसायचा. गणपतीच्या मिरवणुकीत त्यांच्यासाठी गर्दी आपोआप गोल व्हायची. मी आईच्या खांद्यावरून पाहायचे आणि मला वाटायचं, जगात याच्यापलीकडे काही नसणार.

मग वारं फिरलं. कुठून फिरलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. टॉकीजच्या भिंतींवर हवेत आडव्या झालेल्या माणसांची पोस्टरं लागू लागली, आणि आमच्या गल्लीतली पोरं कपाळाला काळी चिंधी बांधून एकमेकांना लाथा मारू लागली. तोंडाने विचित्र आवाज काढत. एका सकाळी बाबांना खुंटीवरच्या लाठ्यांतली एक कमी दिसली. दोन दिवसांनी ती आखाड्यातल्याच एका पोराकडे सापडली – पोस्टरातल्या माणसांच्या हातात असे तशी, करवतीने दोन तुकडे करून, मधे सायकलची चेन जोडलेली. दर अमावास्येला तेल पाजून काळी केलेली लाठी होती ती. बाबांनी ते दोन तुकडे उलटसुलट करून पाहिले, चेन काढून पोराला परत दिली आणि तुकडे मारुतीच्या मूर्तीमागे ठेवून दिले. त्या साली नागपंचमीला आखाड्यात उतरणारी पोरं मी खिडकीतून मोजली होती, आणि पुढच्या साली मोजायचं सोडून दिलं.

शहराच्या दुसऱ्या भागात, सदरला, एका शाळेच्या हॉलमध्ये कराटेचा क्लास निघाला होता. पांढरे कपडे, रंगीत पट्टे, भिंतीवर परदेशी अक्षरं… आणि मुलींना प्रवेश. ही बातमी माझ्या वर्गातल्या नीलूने आणली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. शनिवारी शाळा अर्धी असायची. नीलूकडे अभ्यासाला जाते असं आईला सांगून आम्ही दोघी सिटी बसने सदरला गेलो आणि हॉलच्या दारात उभ्या राहिलो. तिथले सर बारीक अंगाचे, मृदू आवाजाचे, हिंदी बोलणारे होते. "बाहर क्यों खड़ी हो बेटा? चप्पल उतारो, आ जाओ," ते म्हणाले. चपला काढून मी त्या सिमेंटच्या फरशीवर पाय ठेवला तेव्हा मला भीती वाटली, कोणीतरी आता उचलून बाहेर ठेवेल. कोणी ठेवलं नाही. आता इतक्या वर्षांनी सरळच सांगते – वस्तादांच्या घरात जन्मून मला पहिल्यांदा पवित्रा घ्यायला शिकवलं ते त्या परक्या माणसाने, आणि त्या दिवशी बसमध्ये मी नीलूचा हात घट्ट धरून आनंदाने रडले.

पाचव्या शनिवारी सरांनी प्रात्यक्षिकाची तयारी चालवली होती. गणपतीत वेगवेगळ्या मंडळांकडून त्यांना बोलावणी होती, आणि लोकांना बघायचं असायचं ते एकच – हाताने कवेलू फोडणं. छपरावरची ती इंग्रजी कवेलं, सात थरांची चळत. ती रचताना आम्ही पोरी कवेलू उचलून देत होतो. पाडलेल्या कुठल्याशा शेडची जुनी कवेलं होती ती. उन्हाळाभर गच्चीवर तापवलेली, वर बेकरीच्या भट्टीजवळ आठ दिवस ठेवून आणखी सुकवलेली, हाताला हलकी लागणारी. आणि प्रत्येक दोन कवेलूंच्या मधे, दोन्ही टोकांना, सर बोटभर जाडीची लाकडी पट्टी सरकवत होते. वरचं फुटलं की तेच खालच्याला फोडत जातं, म्हणाले. "इसमें चोरी नहीं है, बेटा. ये दिखाने की चीज़ है." दहा फुटांवरून त्या पट्ट्या दिसत नसत. सरांनी आमच्यापासून काही लपवलं नव्हतं.

त्याच गणपतीत शेजारच्या गल्लीत सरांचा कार्यक्रम झाला. बाबा गर्दीत मागे उभे राहून तो पाहून आले. घरी येऊन त्यांनी पाटावर बसून आपला उजवा हात उलटसुलट करून पाहिला, जेवले, आणि पुन्हा पाहिला. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीच्या मंडळाची माणसं आली.

"वस्ताद, लाठीकाठी तं दरसालच पाह्यतात लोकं," त्यांच्यातला एक म्हणाला, हात जोडूनच म्हणाला. "यंदा ते कवेलूगिवेलू फोडाचं ठेवा ना जी. पब्लिक थांबते त्यानं."

"ते आपल्या विद्येत नाही, गा," बाबा म्हणाले.

"तो काडीपैलवान मानूस सात फोडते, वस्ताद. तुमाले काय जड हाय?"

बाबांनी नाही म्हणायला हवं होतं. आईने दारामागून बांगड्या वाजवल्याही. पण आखाड्यात त्या साली चारच पोरं उरली होती, आणि त्यांतली दोन तर गुलाबभाऊचीच होती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हातगाडीवरून कवेलं आली. बाबा अंगणात उकिडवे बसले आणि माठ घेताना बायका वाजवून घेतात तसं एकेक कवेलू बोटाच्या पेराने वाजवून पाहू लागले. खणखणीत वाजलेलं उजवीकडे, बद्द वाजलेलं डावीकडे. नवी कोरी, भट्टीतून पक्की भाजून निघालेली, जड… त्यांनी सगळ्यांत चांगली सात निवडली. कच्च्या कवेलूवर हात मारणं ही त्यांच्या लेखी लबाडी होती. कुस्तीत दुबळा जोड मागितल्यासारखी. मी पायरीवर बसून चिंच चोखत होते. माझ्या तोंडातली चिंच एकाएकी कडू झाली.

"बाबा," मी म्हटलं, "त्यायचे कवेलू जुने असतात."

त्यांचा हात थांबला. "तुले काहून माहीत?"

तो प्रश्न मला आजही त्या अंगणासकट ऐकू येतो. मला सगळं सांगता आलं असतं – पट्ट्या, भट्टी, हलकेपणा. फक्त त्याच्या आधी हे सांगावं लागलं असतं की मी सदरला जाते, दर शनिवारी, खोटं बोलून. मग माझं शनिवारी बाहेर पडणं बंद झालं असतं. आणि बाबांनी आपलं पाणी आपण घेतलं असतं, परात स्वतः नेली असती, किती दिवस कोण जाणे.

"असंच," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं कवेलू उचललं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपासमोर दोन विटांवर सात कवेलं एकावर एक ठेवली गेली, घट्ट, मधे वाराही जाणार नाही अशी. बाबांनी मारुतीचं नाव घेतलं आणि हात मारला. वरची तीन फुटली. आवाज वेगळाच आला. फुटण्याच्या आवाजाखाली आणखी एक, ओला आवाज होता, आणि तो बहुधा मला एकटीलाच समजला. लोक टाळ्या वाजवायला हात वर करून थांबले होते. कोणीतरी मागून म्हणालं, "चार राहिले, वस्ताद." बाबांनी गर्दीकडे पाहिलं. मग त्यांनी तोच हात पुन्हा उचलला.

चार कवेलं तशीच राहिली. टाळ्या झाल्या, थोड्या, ओशाळलेल्या. पुढच्या नाचाचा कार्यक्रम लावून मंडळाने वेळ निभावून नेली.

हाड बसवण्यात बाबांचा हात धरणारं कोणी नव्हतं. गल्लीतले अर्धे लोक उतरलेला खांदा, मुरगळलेला पाय घेऊन आमच्याच ओट्यावर यायचे. वस्तादाचं हाड दवाखान्यात कसं जाईल? आई रडली, पाया पडली. पण बाबांनी डाव्या हाताने दाखवत, सांगत, गुलाबभाऊकडून आपला उजवा हात बांधून घेतला – हळद, चुना, बांबूच्या कामट्या. ज्या हाताला कळायचं, तोच हात बांधलेला होता. गुलाबभाऊ मधेच थांबून "दुखते काय जी?" विचारायचा, बाबा "आवळ, गा" म्हणायचे. तीन आठवड्यांनी बोटं निळी पडली तेव्हा कुठे इस्पितळ झालं. तिथले डॉक्टर चांगले होते. उशीर झाला, एवढंच त्यांनी सांगितलं.

त्या हाताची मूठ पुन्हा वळली नाही. मिलने त्यांना फाटकावर बसवलं. पुढच्या नागपंचमीला माती आली नाही, परात निघाली नाही, आणि आखाड्याला कुलूप लागलं. हात गेला म्हणून वस्तादांनी आखाडा बंद केला असं गल्ली म्हणायची, आम्हीही तेच धरून चाललो. त्या संध्याकाळबद्दल घरात कोणी बोलत नसे. मी सदरला पुन्हा गेले नाही. सकाळी सदऱ्याची बटनं लावायला बाबा माझ्यापुढे उभे राहत – मान किंचित वर करून, डोळे छताकडे – आणि मी खालून वर एकेक बटन काजातून काढत जायचे. आधी मला त्यासाठी टाचा उंच कराव्या लागत. मग लागेनाशा झाल्या.

काळ काय, कोणाचाच राहत नाही. कराटेच्या सरांचाही राहिला नाही. हॉलमधली पोरं आधी आरशांच्या जिममध्ये गेली, मग पावडरीच्या डब्यांकडे, मग पिंजऱ्यात उतरून एकमेकांची नाकं फोडण्याच्या नव्या प्रकाराकडे. सर मला एकदा बर्डीच्या बाजारात दिसले होते – केस पांढरे, हातात भाजीची पिशवी, चालताना एक पाय ओढत. मी नमस्कार केला. त्यांनी ओळखलं नाही. आखाड्याच्या जागेवर आता तीन मजली इमारत आहे, आणि खाली काचेच्या दारामागे धावायची यंत्रं आहेत, ज्यांवर माणसं एकाच जागी धावत असतात. आई गेली, गुलाबभाऊ गेला. मी बँकेतल्या नोकरीवर माझा छोटासा फ्लॅट घेतला आणि बाबांना इथे आणलं. बटनं लावायचं काम तेवढं माझ्याकडे राहिलं, चाळीस वर्षं होत आली.

आणि गेल्या दोन वर्षांत ते सगळं परत आलं आहे! मिरवणुकांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, मोबाइलवर – जिकडे पाहावं तिकडे लाठ्या फिरताहेत, पट्टे लवलवताहेत, आणि फिरवणाऱ्या बहुतेक मुली. फेटे बांधलेल्या, नऊवारी नेसलेल्या, समोर कॅमेरा धरलेला. पाहून मला आनंद व्हायला हवा. मला राग येतो. पोरींचा नाही, त्या गोड आहेत. राग या उशिराचा येतो.

गेल्या महिन्यात त्यांतलीच एक, ऋतुजा, आमच्या दारात आली. शेजारच्या बिल्डिंगमध्ये ती मुलींना लाठी शिकवते. पट्ट्याचं जे काही येतं ते मोबाइलवर पाहून शिकलेली. कोण्या म्हाताऱ्याने तिला बाबांचं नाव सांगितलं होतं. बाबांच्या पायाशी फरशीवर बसून ती म्हणाली, "आजोबा, आमाले शिकवा ना जी. तुमी नुसतं बसून सांगा, आमी करतो."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, पोरगी म्हणून नाही म्हणतील.

"नाही वं, बाई," ते म्हणाले. "आमच्या विद्येतच खोट होती. एक काडीसारखा मानूस सात कवेलू फोडून गेला, अन् मी मातीत जनम घालवून तीनावर थांबलो. हाताचं काही नाही. डाव्या हातानं शिकवलं असतं मी. पन जे खरं नाही ते पोराईले काहून शिकवाचं? म्हनून आखाडा बंद केला."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. इतकी वर्षं मला वाटत होतं की माझ्या गप्प बसण्याने त्यांचा एक हात गेला, आणि त्या हातापुरती मी रोज सकाळी फेड करत होते. पण हाताचं काही नाही, असं ते म्हणत होते. त्यांचा स्वतःवरचा विश्वास गेला होता. आखाडा त्यामुळे बंद पडला होता.

ऋतुजा गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. सदरचा हॉल, नीलू, भट्टीजवळ सुकवलेली जुनी कवेलं, बोटभर जाडीच्या पट्ट्या. "तुमच्या विद्येत काही खोट नव्हती, बाबा. घट्ट रचलेली नवी तीन फोडणं त्या सरांनाही जमलं नसतं." बोलताना माझा आवाज बारा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास येत होता. बाबांनी डाव्या हाताने उजवा हात मांडीवर उचलून ठेवला आणि त्या वाकड्या बोटांकडे पाहत राहिले, पाटावर बसून पाहिलं होतं तसं.

"मी विचारलं होतं तुले," शेवटी ते म्हणाले. "अंगनात. काहून नाही सांगितलं वं?"

मी चहाचा ट्रे उचलला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे त्यांच्या खोलीत गेले. ते तयार होते. सदरा त्यांनी स्वतःच घातला होता, डाव्या हाताने. बटनं एकेक काज चुकून लागली होती, त्यामुळे एक बाजू वर चढली होती आणि गळ्याशी एक काज रिकामं राहिलं होतं. मी हात पुढे केला.

"राहू दे," ते म्हणाले, आणि अर्धं पाऊल मागे सरकले.

त्याच दिवशी त्यांनी ऋतुजाला स्वतःच निरोप धाडला. आता रोज संध्याकाळी ते खाली पार्किंगमध्ये जातात. ऋतुजा आणि आठ-दहा मुली तिथे येतात. बाबा खुर्चीत बसून डाव्या हाताने काठी जमिनीवर आपटत पवित्रे सांगतात, आणि मुली अनवाणी पायांनी फिरतात. पहिल्या दिवशी त्यांनी मुलींकडून पार्किंगच्या कोपऱ्यात कुठून तरी आणवलेली पाटीभर तांबडी माती पसरवून घेतली, आणि एकेकीला तिच्यात पाय ठेवायला लावलं. मी बाल्कनीतून पाहत होते. आमच्या बाल्कनीला कठड्यापासून छतापर्यंत गज आहेत. मी पुन्हा तिसऱ्या आणि चौथ्या गजाच्या मधे उभी होते, ते माझं मलाच नंतर लक्षात आलं. बाबांनी एकदा वर पाहिलं. मला वाटलं, बोलावतील… मग त्यांनी मान वळवली आणि पुढच्या मुलीला म्हणाले, "ये वं, ठेव पाय."